दत्तारामची पट्टी

दत्ताराम पड्याळ गेली एकोणीस वर्षं अल ऐनजवळच्या वाळूत एकच रस्ता झाडतो आहे, आणि त्या रस्त्यावरून गाड्या जात नाहीत. त्यावर विमानं उतरतात. आता विमान म्हटल्याबरोबर डोळ्यांसमोर ते एअरपोर्टवरचं अवाढव्य धूड आणू नका. ही विमानं लहान. चार माणसं गुडघे जुळवून बसली की भरली, आणि दोघांनी जोर लावला तर हातगाडीसारखी ढकलता येतात.

मुरूम दाबून केलेली ही पट्टी फहदसाहेबांच्या मालकीची. साहेबांचं वय सत्तरच्या पुढे. पेन्शनीत निघाल्यावर लोक उंट पाळतात, खजूर लावतात. यांनी विमान पाळलं. हिवाळा लागला की महिन्यातून एखाद्या वीकएंडला ते आपल्यासारख्या हौशी मंडळींना बोलावतात. शुक्रवारी दुपारनंतर एकेक करून पंधरा-वीस विमानं वाळूवर उतरतात. मंडळी आपापलं विमान ओळीत उभं करतात, पंखाशेजारी तंबू ठोकतात, दोन रात्री राहतात, गप्पा मारतात, सकाळी टेकड्यांवरून चक्कर मारून येतात. एवढे पैसे असून ही माणसं जमिनीवर का झोपतात, हे कोडं दत्तारामला पहिली दोन वर्षं सुटलं नव्हतं. नंतर त्याने तो नाद सोडला.

त्याचं काम काय? सांगायला गेलं तर झाडू मारणं. पहाटे उजाडलं की खराटा घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. साहेबांनी गाडीमागे बांधून ओढायचं यंत्र आणलंय, पण यंत्राला काय डोळे असतात? बोराएवढा खडा विमानाच्या नाकावरच्या पंख्याने उडवला की पंख्याचं पातं खरवडतं, आणि पातं खरवडलं की मालकाचं तोंड कडू होतं. आलेलं विमान दोरांनी बांधणं हेही त्याचंच काम. वाळूत खुंटी धरत नाही. दत्ताराम दाभोळच्या खाडीकाठचा. बापाची होडी होती. तो गोणीत वाळू भरतो, कमरेएवढा खड्डा खणून ती आडवी पुरतो, आणि तिला दोर बांधून विमान आवळतो. गाठही होडीचीच. फॉरेनहून आणलेले स्टीलचे स्क्रू एका वादळात उपटले गेले, तेव्हापासून सगळे पायलट उतरल्या उतरल्या ओरडतात, "दत्ता, गोणी! गोणी!" तो शब्द आता इंग्रजांनाही येतो.

शिवाय त्याचे कायदे. पंखात पेट्रोल असतं, म्हणून विमानापासून पन्नास पावलांच्या आत चूल नाही, सिगारेट नाही, काडीसुद्धा नाही. पंखा फिरत असताना पट्टीवर माणूस नाही. आणि संध्याकाळी प्रत्येक विमानाच्या नळीला टोपी. डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, पुढून उघडी. तिच्यात वारा शिरतो आणि आत बसलेल्याला काट्यावर कळतं की विमान किती वेगात चाललंय. गांधीलमाशीने तिच्यात घर केलं की काटा खोटं बोलतो, आणि खोट्या वेगावर भरवसा ठेवलेलं विमान खाली येऊ शकतं. म्हणून तिला लाल कापडाची टोपी घालायची, सकाळी काढायची. हे सगळं त्याला कुणी शिकवलं नाही. उभा राहून बघत बघत तो शिकला.

तर असा हा सुखी माणूस. एसीचं गळतं पाणी वाया जातं म्हणून त्याने आपल्या कंटेनरच्या खोलीमागे झेंडूसुद्धा लावलाय. आणि या सुखात यंदाच्या नोव्हेंबरात नर्मदा आली.

नर्मदा त्याची बायको. दोन्ही मुली तिने एकटीने वाढवल्या, उजवल्या. कोकमाचं आगळ करून विकते, आणि गावात तिच्या शब्दाला वजन आहे. धाकट्या जावयाने महिन्याचा व्हिसा काढून दिला म्हणून ती पहिल्यांदाच आखातात आली. अजमानचा भाचा राहुल तिला शारजाहून गाडीने घेऊन आला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, दत्ताराम विमानतळावर असतो. दत्तारामने खोटं काही सांगितलं नव्हतं. एवढंच, की जास्त काही सांगितलंही नव्हतं.

गाडीतून उतरून नर्मदाने डावीकडे पाहिलं, वाळू. उजवीकडे पाहिलं, वाळू. मधे एक पट्टी, एक शेड, एक कंटेनर. मग भिंतीला टेकवलेल्या खराट्याकडे पाहिलं.

"हे?" ती म्हणाली. "अहो, हे? खराटा मारायला एकोणीस वर्षं?"

दत्ताराम हसला. पण ते त्याला लागलं, चांगलंच लागलं. आठवडाभर ती मजेत होती; त्याच्या हातचा भात खाल्ला, अल ऐनच्या बाजारात फिरून आली, पण रोज एकदा तरी म्हणायचीच, "बास झालं आता. अंगण तर आपल्या घरालाही आहे झाडायला. मी तुम्हाला घेऊनच जाणार." "अजून दोन वर्षं," तो म्हणायचा. घरी जायला त्याची ना नव्हती. छप्पन्न संपत आली, गुडघे कुरकुरत होते. पण ही एकोणीस वर्षं फुकट गेली असं तिच्या मनात पक्कं होऊन त्याला जायचं नव्हतं. तिला एकदा कळायला हवं होतं. आणि हे तोंडाने सांगायचं कसं? आपलंच काम आपण थोर म्हणायचं? छे! बापाने शिकवलं नव्हतं ते.

त्या शुक्रवारी सीझनची पहिली मंडळी आली. नर्मदा शेडच्या सावलीत बसून बघत होती. एकेक विमान उतरायचं, "दत्ता, गोणी!" व्हायचं, आणि हा बाबा फावडं घेऊन पळायचा. शेवटी उपेंद्र आला. उपेंद्र अल बर्शाला राहणारा, आपल्याकडचाच, कसल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. इतकी वर्षं क्लबचं विमान भाड्याने आणायचा, यंदा स्वतःचं घेतलं होतं. जुनंच, पण रंगवून चकचकीत केलेलं. बरोबर बारा वर्षांची मुलगी मिहिका.

"दत्ताकाका, कसं आहे?" उपेंद्रने उतरताच विचारलं, जसं कुणी नव्या सुनेबद्दल विचारावं.

"झकास! लाखात एक!" दत्ताराम पंखावरून हात फिरवत म्हणाला.

उपेंद्रने नर्मदाला वाकून नमस्कार केला. "काकू, देवानेच तुम्हाला पाठवलं बघा. आईने फोनवर डोकं खाल्लंय, पूजा केल्याशिवाय वर जायचं नाही म्हणून. तुमच्या हातून होऊन जाऊ दे. उद्या सकाळी पहिलंच उड्डाण, मी आणि मिहिका."

नर्मदाचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा असा फुलला. शेवटी इथे तिचं काहीतरी काम निघालं होतं.

संध्याकाळी दत्तारामने सगळ्यांचे तंबू ताणून दिले, आणि फहदसाहेब म्हणाले म्हणून त्यांच्या विमानाच्या पंखाशेजारी एक नर्मदासाठीही लावला. एकोणीस वर्षांत शेकडो तंबू लावले असतील, स्वतः कधी आत झोपला नव्हता. "केवढ्याचा हा?" नर्मदाने कापड चिमटीत धरून विचारलं. "चारशे दिरहम. म्हणजे साडेनऊ हजार," तो म्हणाला. "अगो बाई! एवढ्यात आपल्या लग्नाचा अख्खा मांडव झाला होता!" असं म्हणून ती आत शिरली, आणि झोप मात्र तिला मांडवाच्या किमतीची लागली.

शनिवारी सकाळी पट्टी झाडून, टोप्या काढून दत्ताराम उपेंद्रच्या विमानापाशी आला. उपेंद्रची तपासणी झाली होती. हातात यादी घेऊन त्याने चाकं पाहिली, तेल पाहिलं, पंखाखाली वाकून ती नळीही पाहिली. मिहिका आत बसून खिडकीतून फोटो काढत होती. आणि नर्मदा ताट घेऊन तयार: हळद-कुंकू, अक्षता, निरांजन, उदबत्ती, नारळ, आणि कंटेनरमागचा झेंडू. फुलं दत्तारामनेच कापून दिली होती, वीतभर लांब देठांसकट, कारण तिला एक जुडी बांधायची होती.

आणि मग आली पंचाईत.

"निरांजन नाही," दत्ताराम म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"पेट्रोल आहे वर. पन्नास पावलं."

"पन्नास पावलांवरून ओवाळू? उदबत्ती तरी?"

"तीही नाही."

"बरं, अक्षता वाहते."

"दाणे सांडतील. पंखा ओढून घेतो."

नर्मदाने ताट कमरेवर टेकवलं. "आणि नारळ काय फोडायचा नाही, फक्त दाखवायचा?"

"बादलीत फोड. मी धरतो. करवंटीचा एक कपचा बाहेर जाता कामा नये."

उपेंद्र हसू दाबत होता. नर्मदा मात्र तापली होती. पाहुण्यासमोर, एवढ्या परक्या लोकांसमोर, स्वतःच्या नवऱ्याने तिच्या पूजेचं अर्धं ताट परत पाठवलं! उरलं काय, तर हळद-कुंकू आणि फुलं. मग तिने सगळी हौस फुलांवर काढली. नाकावर कुंकवाचं बोट, दाराच्या मुठीत एक फूल, चाकाच्या सांध्यात एक, पंखाच्या दांडीला एक. दत्ताराम तोवर बादलीत फुटलेल्या नारळाचे तुकडे मोजत होता, मग गुडघ्यांवर बसून वाळूत एखादा कपचा उडाला का बघत होता. साहेबांनी, इतर पायलटांनी टाळ्या वाजवल्या, खोबरं खाल्लं. उपेंद्रने हात जोडले, आणि आता फुलं घेऊन तर उडता येत नाही, म्हणून भराभरा ती ओढून काढून खाली ठेवली. आत बसला. दार लागलं. पंखा गरगरला आणि विमान हलत हलत पट्टीच्या दूरच्या टोकाकडे निघालं.

देवाला वाहिलेलं फूल पायाखाली येऊ द्यायचं नाही, आणि पट्टीजवळ सुटं काही राहू द्यायचं नाही. दोन्ही कारणांनी दत्ताराम फुलं गोळा करायला लागला. एक, दोन, तीन. सगळ्यांना वीतभर देठ. मग एक हातात आलं ते नुसतंच बोंड. देठ मुळापाशी तुटलेला, ताजा, ओला.

तो थांबला. वाळूवर नजर फिरवली. देठ नव्हता.

"नर्मदे, हे फूल कुठे लावलं होतंस?"

"ते? पंखाखाली नळी नाही का छोटी. आपल्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या घरासारखी. तुम्ही उदबत्ती लावू दिली नाहीत, म्हटलं तिथे फूल तरी खोचावं. काय छान बसलं होतं!"

दत्तारामने मान वर केली. पट्टीच्या टोकाला विमान वळत होतं. इंजिनाचा आवाज चढायला लागला. ओरडून काय उपयोग? फोन काढून, नंबर लावून? त्याने फुलं टाकली, शेडला टेकवलेला खराटा उचलला आणि धावला. छप्पन्नाव्या वर्षी, कुरकुरत्या गुडघ्यांनी, स्वतःचाच कायदा मोडून, पंखा फिरत असताना तो थेट पट्टीच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. खराटा दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा धरला. मागून नर्मदाची किंकाळी त्याला ऐकू आली. समोरून विमान निघालं होतं. आपल्या लांबीच्या पाच-सातपट पुढे आलं, मग त्याचं नाक खाली झुकलं, ब्रेक लागले, धूळ उडाली. पंखा थांबला. दत्तारामचे हात वरच राहिले होते. खाली घ्यायचे त्याला सुचलंच नाही.

फहदसाहेबांची गाडी पट्टीवर धावत आली. मागे बसून नर्मदाही. साहेब सहसा चिडत नाहीत, पण चिडले की वाळू तापते.

"दत्ता! पागल हो गया? चलता जहाज के सामने?"

"साहेब, नली में फूल का डंडी है. मेरा गलती. मैं देखा नहीं."

"तू लगाया?"

"हां साहेब. मेरा गलती," दत्ताराम खाली मान घालून म्हणाला. एकोणीस वर्षांत हा माणूस साहेबांपुढे एकदाही खोटं बोलला नव्हता. पण बायकोला परक्यांपुढे मान खाली घालायला लावायची? ते त्याच्याने होणार नव्हतं.

नर्मदाला हिंदी तुटकमुटक येते, पण समजतं सगळं. ती पुढे आली. "इनका नहीं साब. मैंने खोचा. मेरे को मालूम नहीं था. इनको बोलना नहीं."

उपेंद्र उतरून नळीत डोकावत होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, इतका देठ आत बसला होता. मिहिकाने आपल्या पिशवीतला बारीक चिमटा दिला. दत्तारामने श्वास रोखून, घाई न करता, तो ओढून काढला. बोटभर हिरवा तुकडा. उपेंद्रने तो तळहातावर घेतला.

"तपासणी करून मग मी पूजा करू दिली. उलटं करायला हवं होतं. चूक माझी," तो म्हणाला. मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "काटा हलला नसता तर जमिनीवरच कळलं असतं मला. थांबलो असतो."

"मेबी," साहेब म्हणाले. "अर्धा हलता, तो?"

उपेंद्रने मिहिकाकडे पाहिलं.

साहेबांनी तो देठ उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि नर्मदाकडे वळले. राग उतरला होता. "सिस्टर, झाडू मारने का आदमी यहां बहुत मिलता. मैं दत्ता को आंख के लिए रखा. सब आदमी देखता, उधर क्या है. ये आदमी देखता, उधर क्या नहीं है." मग दत्तारामच्या पाठीत एक धपाटा घातला. "और दूसरा बार जहाज के सामने खड़ा हुआ, तो मैं खुद उड़ाएगा तेरे ऊपर से. यल्ला, काम करो!"

नर्मदा नवऱ्याकडे बघत राहिली. त्याच्या सदऱ्याला वाळू लागली होती, आणि हातात अजून तो खराटा होता.

उपेंद्रने पुन्हा पहिल्यापासून यादी तपासली. दत्तारामनेही मागे मागे जाऊन सगळं पाहिलं, कधी नव्हे ते दोनदा. मग मिहिका म्हणाली, "काकू, यू कम टू. देअर इज स्पेस." नर्मदा आधी घाबरली. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे. पदर खोचला आणि म्हणाली, "मीच घोळ घातलाय ना? मग मीच बसते. विश्वास आहे की नाही ते कळू दे सगळ्यांना." विश्वास नेमका कुणावर, ते तिने सांगितलं नाही. मुंबईहून येताना तिला मधली सीट मिळाली होती आणि खिडकीत शेजाऱ्याचं डोकं, त्यामुळे आकाश असं तिने अजून पाहिलंच नव्हतं.

विमान उडालं. दत्ताराम पट्टीच्या कडेला उभा राहिला. वीस मिनिटं तो जागचा हलला नाही. फहदसाहेबांनी खजूर पुढे केला तो त्याने हातात धरून ठेवला. चाकं जमिनीला टेकली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला आणि खजूर तोंडात.

दिवसभर कामं होती. दोघांना निवांत बसायला संध्याकाळ झाली. तंबूपासून मोजून पन्नास पावलांवर जाऊन त्याने चहा केला, आणि दोन कप घेऊन परत आला. ओळीने विमानं उभी होती, तंबूंतून हसण्याचे आवाज येत होते. कुणीतरी लांबून ओरडलं, "थँक यू, दत्ता!" त्याने हात हलवला.

"वरून काय दिसलं?" शेवटी त्याने विचारलं. सकाळपासून तोंडाशी आलेला प्रश्न.

नर्मदाने कप खाली ठेवला. "वाळू. नजर पोचेल तिथपर्यंत वाळू हो. आधी मला कळेचना आपण कुठून उडालो. मग उपेंद्र म्हणाला, ती बघा. आणि दिसली. एवढ्या पसाऱ्यात एकच सरळ पट्टी, तांदूळ निवडून ठेवावेत तशी स्वच्छ. आणि कडेला तुम्ही. मुंगीएवढे. मला कळलं, हेच ते." तिने कप पुन्हा उचलला. "उपेंद्र म्हणतो, वरून ती पट्टी दिसली की त्याला आता घर आलं असं वाटतं. खरंच का हो?"

"म्हणतात खरे."

"तुम्ही पाहिलीत का कधी वरून?"

"नाही."

"एकोणीस वर्षांत? कुणी नेलं नाही?"

"सगळेच म्हणतात, चल. पण मी वर गेलो तर खाली कोण?"

नर्मदा बोटाने वाळूत रेघा ओढत होती. मग म्हणाली, "राहा. दोन वर्षं म्हणत होतात ना, राहा दोन वर्षं. मी चुकले. गावात जाऊन सांगते मी सगळ्यांना, काय काम करतात ते. कुणी खराटा म्हटलं तर बघतेच त्याच्याकडे."

"मार्चात येतो," दत्ताराम म्हणाला.

"सुट्टीवर?"

"कायमचा. सीझन संपला की साहेबांना सांगतो. तोवर एखादा नवा माणूस तयार करून देतो."

"अहो, आठवडाभर मी चला चला म्हणत होते तर ढिम्म हलला नाहीत. आता राहा म्हणते तर हे! डोकंबिकं फिरलं की काय?"

"तू पाहिलीस ना पट्टी?"

"पाहिली."

"मग खलास," तो म्हणाला. "आपल्यातलं कुणीतरी एकदा बघायला हवं होतं. तेवढंच राहिलं होतं."

नर्मदाने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. "वाळू जाते मेली डोळ्यांत," ती म्हणाली. वारा पडलेला होता. दत्ताराम उठला, लाल टोप्यांची पिशवी घेतली आणि ओळीतल्या पहिल्या विमानाकडे निघाला. नर्मदाही मागोमाग आली. उपेंद्रच्या विमानाच्या नळीला टोपी तिने स्वतः घातली आणि फीत दोनदा ओढून पाहिली.

"उद्या पहाटे मला उठवा," ती म्हणाली. "पट्टी झाडायला मीही येते."

"खराटा एकच आहे."

"मग मी खडे वेचीन."